जुना कॅमेरा, काळी काच

पवनीला कॅमेरा बघायला गेले
तेव्हा पर्समध्ये घरच्या टीव्हीचा रिमोट होता.
नंदनवारांनी नवे डबे उघडले,
मी एकेका भिंगावर रिमोट रोखून बटण दाबत गेले.
नव्यांना काही दिसलं नाही.
खालच्या कप्प्यात एक होता, लग्नांमधून घासलेला,
मुठीचं रबर निघालेला.
त्याच्या पडद्यावर
रिमोटच्या टोकाशी एक जांभळट काजवा लुकलुकला.
हाच द्या, म्हटलं.
नंदनवार हसले, बाई, उलटा सौदा करता.

आता त्यांना काय सांगायचं?
नवे जास्त शिकलेले असतात,
नको ते दिसू नये म्हणून आत जाड गाळणं लावून येतात.
याचं गाळणं झिरझिरीत, जुन्या धोतरासारखं.
काहीबाही झिरपतं अजून.

काच नागपुराहून टपालानं आली.
डोळ्यासमोर धरली तर नुसती अमावस्या.
ती लावली की कॅमेरा आंधळा,
म्हणून आधी चौकट धरायची, नजर बांधायची,
मग कडी केसभर जवळच्या बाजूला ओढायची,
कारण हा उजेड आपल्या उजेडाच्या जरा पल्याड टेकतो,
आणि मग, श्वास धरून, काच फिरवायची.
पहिल्या महिन्यात दहातली नऊ चित्रं धुरकट.
दहाव्यात मधोमध पांढरा डाग.
डाग भिंगाचा होता. मी आठवडाभर स्वतःला दोष दिला.

लग्नवाले दुपारी सावली शोधतात.
माझं काम बारा ते तीन,
ऑक्टोबरचं ऊन टाळू तापवतं तेव्हा,
तलावाच्या पाळीवर, तिपाईला दगड बांधून.
पाणी शाई. आभाळ तवा.
आणि बांध्यांमधला हिरवा धान
कापणीआधीच शिजून परातीत उपसलेला.
अर्ध्या मिनिटात पाळीवरून एक सायकल गेली,
चित्रात आलीच नाही.
बगळा तेवढा आला. उभं राहण्यात त्याचा हात कोण धरणार.

शिंगाडे विकणारी गौतराबाई मागून वाकली.
काहून वो, बरफ पडला का?
पानं आहेत ती, मावशी.
मंग लबाड आहे तुही मशीन.
लबाड नाही. हा उजेड रोजच पडतो,
आपल्याला दिसत नाही एवढंच.
तिनं दोन शिंगाडे सोलले. एक मला दिला.
मग पदराला हात पुसून
डावा हात पुढे केला.
याच्यातलं दिसन का?

मनगटाच्या वर हिरवट-निळा डाग होता.
पन्नास वर्षांचं पाणी, काटे, ऊन,
गोंदणाचं शेवाळ झालेलं.
दगडावर हात ठेवायला लावला. अठ्ठावीस सेकंद.
श्वास घेऊ का, तिनं विचारलं.
घ्या, हात नका हलवू.

पडद्यावर कातडी आली दुधावरच्या सायीसारखी
आणि सायीखालून, काल संध्याकाळी टोचल्यासारखी काळीभोर,
चार टिंबं, एक विंचू,
तीन अक्षरं.
सोनका, मी वाचलं.
गावात या नावाचं कुणी नाही.
कोण हो ही?

ती पडद्याच्या इतकी जवळ आली
की तिच्या श्वासानं तो धुरकटला.
अक्षरं तिला येत नव्हती,
पण बोट बरोबर पहिल्या वळणावर ठेवलं
आणि शेवटच्या काट्यावर उचललं.
लग्नात ताटातल्या तांदळावर लिहिलं वो दुसरं नाव, म्हणाली.
मीच तं आहो.

मग बराच वेळ एक गिऱ्हाईक भाव विचारत उभं होतं.

आठवड्यानं मी चित्र छापून नेलं,
लालसर झाक काढून, साधं काळं-पांढरं.
घरी नको देऊ, इथंच दे, हे तिनं आधीच सांगितलं होतं.
तिनं ते टोपलीत ठेवलं,
शिंगाड्यांवर, ओल्या फडक्याखाली.
भिजेल ना, मी म्हटलं.
भिजू दे, खालचं तं आहे,
म्हणाली, आणि तराजू उचलला.